जॉबर, कार्ड आणि माझा फिल्टर

मागच्या महिन्यात ऑफिसात माझ्या गळ्यात एक काम पडलं. आमच्याकडे एका जागेसाठी चार-पाचशे अर्ज येतात, एचआरमधल्या दोघी ते वाचता वाचता रडकुंडीला येतात आणि माणूस प्रत्यक्ष रुजू व्हायला अडीच महिने लागतात. "ही प्रोसेस जरा फास्ट करून दे रे," असं साहेबांनी सांगितलं. मी काही एचआरचा माणूस नाही, सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणारा साधा इंजिनियर. पण रेझ्युमेतली माहिती वेगळी काढायची, तिला नियम लावायचे, गुण द्यायचे आणि वरची तीस नावं पुढे पाठवायची, यात अवघड असं काही नव्हतं. दोन आठवड्यांत झालं. साहेब खूश, एचआर खूश, मीही खूश. चार-पाचशेचे तीस व्हायला आता चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या जुन्या सांगवीतल्या घराचा माळा आवरताना वडिलांच्या ट्रंकेत एक पिवळं पडलेलं कार्ड सापडलं. सेवायोजन कार्यालय, म्हणजे आपल्या बोलण्यातलं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, त्याचं नोंदणी कार्ड. नाव, नोंदणी क्रमांक, शिक्षण 'आयटीआय (टर्नर)' आणि मागच्या बाजूला नूतनीकरणाचे शिक्के. पहिला १९७८ चा, शेवटचा १९८७ चा. वडील त्या वेळी सांगवीहून सायकल मारत नदीपलीकडे औंधच्या आयटीआयला जायचे. एक्स्चेंजचा पहिला कॉल त्यांना आला १९८४ साली. तोपर्यंत त्यांना भोसरीत नोकरीला लागून चार वर्षं झाली होती आणि ती नोकरी लागली होती गावाकडच्या एका फोरमनने "पोरगं कामाचं आहे" असा शब्द टाकल्यामुळे.

कार्ड घेऊन खाली आलो तर ओट्यावर शेजारचे आबा बसलेले. आबा १९८२ च्या संपापर्यंत मुंबईला गिरणीत होते. संपानंतर बहिणीकडे सांगवीला आले ते इथलेच झाले. त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "हे कसलं कार्ड! कार्ड आमचं होतं बाबा. रोज सकाळी गेटावर दाखवायला लागायचं. तुझ्या बापाला सहा वर्षांनी बोलावलं, आम्हाला रोज बोलवायचे आणि रोज परत पाठवायचे."

झालं. माझे पुढचे दोन वीकांत गिरण्यांचा इतिहास वाचण्यात गेले.

मुंबईतली पहिली कापड गिरणी काढायचं कावसजी दावरांनी १८५४ साली ठरवलं आणि १८५६ साली ती ताडदेवला सुरू झाली. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढत गेल्या तसा एक प्रश्न उभा राहिला. मालक पारशी, भाटिये, गुजराती. वरचे तंत्रज्ञ बरेचसे लँकेशायरहून आलेले साहेब. आणि काम करणारी माणसं रत्नागिरी आणि साताऱ्याकडची. यांची एकमेकांशी गाठ घालणार कोण? तर जॉबर. आमच्या भाषेत बोलायचं तर मिडलवेअर :-)

जॉबर हा कामगारांतूनच वर आलेला असायचा. माणसं आणायची त्याने, त्यांना साच्यावर काम शिकवायचं त्याने, कोणी आला नाही तर त्याच्या जागी बदली उभा करायचा त्याने आणि काढून टाकायचा अधिकारही व्यवहारात त्याचाच. बायकांच्या खात्यात हेच काम 'नायकीण' करायची. हे झालं गिरणीच्या आतलं. बाहेर तोच माणूस चाळीत खोली मिळवून द्यायचा, खानावळीत ओळख द्यायचा, अडीअडचणीला व्याजाने पैसे द्यायचा. या सगळ्याबद्दल तो जे घ्यायचा त्याला म्हणायचे दस्तुरी. नोकरी लागताना दस्तुरी, नोकरी टिकवायला दस्तुरी, रजेवरून परत आल्यावर पुन्हा दस्तुरी.

आता जॉबर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला मिशीवाला मुकादम येतो. लुबाडणूक होती यात वाद नाही. पण इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी गिरणगावावर लिहिताना एक गोष्ट नीट दाखवून दिली आहे. जॉबरची सत्ता वाटते तेवढी एकहाती नव्हती. ज्याच्यामागे माणसं नाहीत तो जॉबर मालकाच्या काही कामाचा नाही, आणि माणसं त्याच्यामागे राहायची ती त्याच वाडीतली, त्याच चाळीतली. तिथे फार दगाबाजी केली तर तोंड लपवायला जागा नव्हती. म्हणजे तो मालकाकडे कामगाराची आणि कामगाराकडे मालकाची हमी होता. माणूस शोधणं, त्याची हमी घेणं आणि तो चुकला तर निस्तरणं ही तीन कामं एकाच माणसात होती. दस्तुरी या तिन्हींची किंमत होती, फक्त ती सगळी गरिबाच्या खिशातून जायची.

१९२९ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीबद्दल रॉयल कमिशन नेमलं. अध्यक्ष जॉन हेन्री व्हिटली, सदस्यांत आपले ना. म. जोशी. १९३१ साली अहवाल आला. त्यात एक शिफारस अशी की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातातून काढून घ्या आणि त्यासाठी गिरणीत स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा. शिफारस चांगलीच होती. गंमत म्हणजे सरकारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज काढायची गरज मात्र याच कमिशनला वाटली नाही. गेटवर आपणहून हवी तेवढी माणसं येऊन उभी राहतायत, मग एक्स्चेंज कशाला, असा विचार. (गेटवर उभ्या राहणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर नेमकं तेच दुखणं होतं. असो.)

त्यानंतर १९३५ साली मुंबईच्या मिलमालक संघाने बदली कंट्रोलची पद्धत आणली. दर महिन्याच्या १ तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्डं द्यायची. त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजेरी लावायची आणि कोणाची जागा रिकामी असेल तर ती कार्डवाल्यालाच द्यायची, जॉबरने वाटेवरून कोणाला धरून आणायचं नाही. कागदावर काय सुंदर सिस्टीम आहे बघा! मर्यादित यादी, ठरलेली वेळ, नियम स्पष्ट. १९५० साली सरकारने मुंबईच्या गिरण्यांसाठी 'डीकॅज्युअलायझेशन' योजना आणली, तिच्यात तर बदल्यांचं एक सामायिक रजिस्टरच झालं. गिरण्यांनी त्यात सामील व्हायचं की नाही हे मात्र त्यांच्या मर्जीवर.

आबा या पद्धतीच्या शेवटच्या काळातले. मी विचारलं, "आबा, कार्ड होतं म्हणजे जॉबरचा त्रास संपला असेल ना?"

"अरे, कार्ड कोणाला द्यायचं ते कोण सांगणार? ऑफिसातला क्लार्क आम्हाला ओळखतो होय? तो जॉबरलाच विचारणार, हा कसा आहे रे? आधी नोकरीसाठी चहा पाजायचो, मग कार्डासाठी."

या वाक्यापाशी मी बराच वेळ अडकलो. लेबर ऑफिसर आला, कार्ड आलं, रजिस्टर आलं. माणूस शोधायचं काम जॉबरकडून गेलं. पण 'हा कसा आहे' या प्रश्नाचं उत्तर कार्डावर लिहिलेलं नव्हतं आणि ते ज्याला माहीत होतं त्याच्याकडेच सगळे परत जात होते.

आता वडिलांच्या कार्डाकडे येतो. त्याची कुळकथा इंग्लंडात सुरू होते. विल्यम बेव्हरिज या गृहस्थाने १९०९ साली बेकारीवर एक पुस्तक लिहिलं. कामगाराने एका गेटवरून दुसऱ्या गेटवर आपली मेहनत विकत फिरायची हीच बेकारीची एक मोठी जड आहे आणि त्यावर उपाय म्हणजे कामाचा एक संघटित बाजार, हे त्याचं म्हणणं. त्याच वर्षी तिथे लेबर एक्स्चेंजचा कायदा झाला आणि १९१० पासून एक्स्चेंजेस उघडली. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत मोफत सरकारी एक्स्चेंज काढण्याचा करार झाला, त्याला हिंदुस्थानने १९२१ साली मान्यता दिली आणि १९३८ साली ती काढूनही घेतली. मग दुसरं महायुद्ध संपलं, लाखो सैनिक घरी परतायला लागले आणि १९४५ साली सरकारला घाईघाईने एक्स्चेंजेस उघडावी लागली. आधी ती सैनिकांसाठी होती, फाळणीनंतर निर्वासितांसाठी झाली आणि १९४८ पासून सगळ्यांसाठी. शिवराव समितीच्या शिफारशीवरून १ नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला.

१९५९ साली यासाठी कायदा झाला आणि तो लागू झाला १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याचा जन्मदिवस! सगळे सरकारी उद्योग आणि २५ किंवा जास्त माणसं असलेले खाजगी उद्योग, यांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवल्याच पाहिजेत. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं काम आणि महिना ६० रुपयांपेक्षा कमी पगाराची जागा यातून वगळलेली. नाही कळवलं तर पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला १००० पर्यंत. वेळ बघा. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून उभी होती, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि आकुर्डी-चिंचवड-भोसरीच्या माळांवर शेड उभ्या राहायला लागल्या. नवा कायदा, नवं राज्य, नवे कारखाने. जॉबरला या पट्ट्यात शिरायला जागाच ठेवलेली नव्हती.

आणि एक्स्चेंजची आतली रचना, मंडळी, खरंच बघण्यासारखी होती. प्रत्येक उमेदवाराचं एक एक्स-१ कार्ड, ते कार्यालयात राहायचं. उमेदवाराला मिळायचं ते एक्स-१०, जे आमच्या ट्रंकेत सापडलं. देशातल्या सगळ्या व्यवसायांची एक वर्गवारी होती, तिच्यातला क्रमांक कार्डावर टाकायचा. टर्नरचा क्रमांक वेगळा, फिटरचा वेगळा. कारखान्याकडून मागणी आली की क्लार्क त्या क्रमांकाच्या ड्रॉवरमधून कार्डं काढणार, नोंदणीच्या तारखेने लावणार आणि जागेच्या काही पट नावं पाठवणार. इंडेक्स आहे, क्वेरी आहे, सॉर्टिंग आहे. संगणक नसताना लाकडी ड्रॉवरमध्ये बसवलेला डेटाबेस. मला तर बघून भरून आलं.

मग बिघडलं कुठे? एक बिघाड कायद्यातच होता. जागा कळवायची सक्ती होती, पण एक्स्चेंजने पाठवलेल्यातूनच माणूस घ्यायची सक्ती नव्हती, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. सुप्रीम कोर्टानेही १९८७ साली एका निकालात हेच सांगितलं. खाजगी कारखानदार फॉर्म भरून पाठवायचा आणि माणूस घ्यायचा तो फोरमनच्या ओळखीतला. दुसरा बिघाड तारखेचा. नोंदणीच्या क्रमाने नावं पाठवायची म्हणजे जो सहा वर्षं बसून आहे तो आधी. टर्नर सहा वर्षं बसला असेल तर एकतर त्याचा हात गेलेला असतो किंवा तो वडिलांसारखा दुसरीकडे लागलेला असतो. ज्याला ते 'लाइव्ह रजिस्टर' म्हणायचे त्यात अशी कितीतरी कार्डं होती. कोणी आपणहून नाव काढायला जात नव्हतं, कारण न जाणो, सरकारी कॉल आला तर? वडील नोकरीत असून १९८७ पर्यंत शिक्के मारून आणत होते.

त्या रांगेतला चांगुलपणा मात्र मला उशिरा कळला. वडिलांच्या वर्गातले एक मित्र होते, ज्यांच्या घरात, नात्यात, गावात कोणीही कारखान्यात नव्हतं. शब्द टाकणारा कोणीच नाही. त्यांना आठ वर्षांनी कॉल आला आणि ते एका सरकारी कारखान्यात लागले, तिथूनच निवृत्त झाले. जगात दुसरी कुठलीही पद्धत त्यांना ती नोकरी देणार नव्हती. रांग हळू होती, पण तिच्यात उभं राहायला ओळख लागत नव्हती. पुढे १९९६ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की केवळ एक्स्चेंजकडून नावं मागवून भागणार नाही, वर्तमानपत्रांतून जाहिरातही द्या. ज्यांची नावनोंदणी नाही त्यांच्यावरही अन्याय नको, हे तत्त्व म्हणून अगदी बरोबर. पण त्यानंतर रांगेला काही अर्थ उरला नाही.

या सगळ्याचं राजकारण व्हायचं ते झालंच. साठच्या दशकात 'मार्मिक'मध्ये मुंबईच्या कंपन्यांमधल्या अधिकाऱ्यांच्या याद्या छापून यायच्या, मथळा 'वाचा आणि थंड बसा'. दार बंद आहे असं वाटणाऱ्या पोरांना नुसती नावांची यादी किती पेटवू शकते, हे त्या वेळी दिसलं.

माझ्या वाचनात एकच योजना अशी आली जिने जॉबरचा प्रश्न उलट बाजूने सोडवला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात टोळी मोडली नाही. टोळी राहिली, मुकादम राहिला, कोण कामाचा आणि कोण चुकार हे ठरवायचं तिचं ज्ञान राहिलं. बदलली ती पैशाची वाट. मालकाने पैसे मंडळाकडे भरायचे आणि मंडळाने कामगाराला द्यायचे. हमी टोळीची, पण मजुरीला मुकादमाचा हात लागणार नाही. आज चाकणला माथाडीच्या नावावर खंडणी मागणाऱ्यांच्या तक्रारी होतात हे मला माहीत आहे, तरी मूळ रचनेतली हुशारी मी तरी मान्य करतो.

आमच्या धंद्याचं सांगायचं तर नोकरी डॉट कॉम १९९७ साली सुरू झालं आणि ड्रॉवरमधली कार्डं एकदम घरोघरी आली. कोणालाही अर्ज करता येतो म्हटल्यावर सगळ्यांनीच केला. मग खोट्या अनुभवाचे रेझ्युमे इतके बोकाळले की २००६ साली नॅसकॉमला नॅशनल स्किल्स रजिस्ट्री काढावी लागली. बोटांचे ठसे, फोटो, तपासलेला अनुभव. म्हणजे आलं पुन्हा कार्ड! सरकारने २०१५ साली नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल काढलं, आणि १९५९ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एक्स्चेंजचं नाव आता करिअर सेंटर. त्यातून माणूस घ्यायची सक्ती मात्र अजूनही नाही.

आणि या सगळ्या पसाऱ्यात आयटी कंपन्यांना सगळ्यात भरवशाची वाटणारी पद्धत कोणती? रेफरल. आपल्या माणसाने आणलेला माणूस. मला स्वतःला पहिली नोकरी अशीच लागली, कॉलेजमधल्या एका सीनियरने माझा रेझ्युमे पुढे सरकवला म्हणून. त्याला त्याचा बोनसही मिळाला, त्यातून त्याने मला पार्टी दिली. जॉबर गेलेला नाही हो. फरक इतकाच की आमच्याकडे दस्तुरी कंपनी देते, आणि चाकणला कॉन्ट्रॅक्टरमार्फत जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या पोराने ती अजूनही स्वतःच्या खिशातून दिली. सकाळी डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्यांना तर बदली कार्डसुद्धा नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. दुसऱ्या रविवारी आबा जरा चाचरत म्हणाले, "तुझ्या कंपनीत काही असेल तर आमच्या नातीचं बघ की. अर्ज केला होता म्हणाली तुमच्याकडे, काही उत्तरच नाही."

सोमवारी मी लॉग काढून बघितला. माझ्या फिल्टरने तिला बाहेर काढलं होतं. रेझ्युमेत दोन वर्षांची फट होती आणि एक वर्षापेक्षा मोठी फट असेल तर बाद, हा नियम मीच एका संध्याकाळी, कॉफी पीत, कोणालाही न विचारता घातला होता. ती दोन वर्षं काय होती ते मला माहीत आहे. आबांच्या घरातून आजींची खाट मी माझ्या खिडकीतून रोज बघत होतो. त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि त्यांचं सगळं ही पोरगी करत होती. रेझ्युमेत हे लिहायला रकाना नसतो.

तो नियम काढून मी फिल्टर पुन्हा चालवला. ती एकेचाळिसावी आली. वर जाणार तीस. बाकीचे गुण बघितले तर त्यात काही चूक नव्हती, फट पडली की अनुभवाची वर्षं कमी भरतात एवढंच. आणि निव्वळ त्या एका नियमापायी बाद झालेले ती धरून एकसष्ट जण निघाले. मी ती यादी एचआरकडे नेली आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, इतकं परत वाचायला आम्हाला वेळ नाही, म्हणून तर तुला हे करायला सांगितलं होतं. शेवटी मीच दोन रात्री बसून ते सगळे वाचले आणि नऊ नावं वेगळी काढून दिली. त्यातली चार त्यांनी घेतली.

आबांच्या नातीचा त्या नवांत मी समावेश केला नाही. मला नीट वाचताच येईना तिचा रेझ्युमे, दर ओळीला ती खाट दिसत होती. तिच्यासाठी सरळ रेफरलचा फॉर्म भरला. 'उमेदवाराला तुम्ही कसे ओळखता' या रकान्यात लिहिलं, शेजारी. मग खाली दोन ओळी जास्त लिहिल्या, त्या दोन वर्षांबद्दल. बुधवारी तिचा इंटरव्ह्यू आहे.

संध्याकाळी आबांना सांगायला गेलो. ते खूश झाले आणि मिस्कीलपणे म्हणाले, "मग तुझी दस्तुरी किती?"

म्हटलं, "आबा, ती लागली तर कंपनीच मला पैसे देणार."

आबांना आधी खरं वाटेना. मग ते इतके हसले की आतून नात बाहेर आली, काय झालं म्हणून बघायला.